मिठागर नाक्याची मोजणी

टिटवाळा
६ जानेवारी

लिओना,

तू म्हणालीस म्हणून लिहितोय. कॉलेज सोडल्यापासून हातात पेन धरलेलं नाही, त्यामुळे अक्षराला हसू नकोस. मघाशी आई डोकावून गेली. "परीक्षा परत देतोयस का रे?" मी हो म्हटलं. तिला एवढं बरं वाटलं की न मागता चहाबरोबर दोन बटर ठेवून गेली. आता तुझ्यामुळे मी आईशीही खोटं बोलायला लागलोय.

तुझी अट पाठ आहे मला. "फोनवर तू दुसऱ्या वाक्याला भडकतोस आणि तिसऱ्याला कट करतोस. लिहून पाठव. लिहिताना शब्द शोधायला तरी थांबशील." तर हा बघ, थांबलोय. पत्र आनंदकाकांच्या चावीच्या टपरीवर ठेवेन, उद्या आमची गाडी तुझ्या नाक्यावरूनच जाणार आहे. काकांना विचारून ठेवलंय. सर्व्हेचे कागद आहेत असं सांगितलं. ते म्हणाले, "सर्व्हेचे कागद साहेबाला देतात रे, ट्रॅफिक वॉर्डनला नाही."

शुक्रवारी फोन कट केला त्याबद्दल सॉरी. पण तू "कुवेत" हा शब्द असा बोललीस जसं कोणी कळव्याला जाऊन येते म्हणतं. डोकं आउट झालं माझं. तुझे पपा म्हणतात, तरण्या पोरीने रस्त्यात उभं राहून हात हलवायचे ही काय नोकरी, ही गेली की सरळ लुर्दस आंटीकडे कुवेतला पाठवतो. आणि नोकरी जाणार कधी? नाक्यावर कॅमेरा लागला की. तुमच्या ठेकेदाराने तसं सांगितलंच आहे, कॅमेरा लागला तिथला वॉर्डन कमी. आणि कॅमेरे कुठे लावायचे ते ठरवायला ठाणेभर टेप घेऊन कोण फिरतंय? मी. म्हणजे तुला विमानात बसवायचं काम मलाच पगार देऊन करायला लावलंय.

तुला आठवतं, पहिल्या दिवशी मी मिठागर नाक्याच्या मधोमध उभा राहून रस्त्याची रुंदी घेत होतो आणि तू कान फाटेल अशी शिट्टी मारलीस? मी वळून म्हटलं, सरकारी काम चालू आहे. तू म्हणालीस, "भाऊ, मरायचं असेल तर दोननंतर या, तेव्हा माझी ड्युटी संपते." त्या दिवशी मी रुंदी चुकीची लिहिली. मारुती सरांनी झापलं. पण मला वाईट वाटलं ते तू भाऊ म्हणालीस त्याचं.

आता खरी बातमी. पहिल्या टप्प्यात कॅमेरे थोडे आहेत आणि नाके भरपूर. म्हणून सरांनी ठरवलंय, प्रत्येक नाक्यावर गर्दीच्या वेळी चार तास बसायचं, सिग्नल तोडणारे, उलटे येणारे, झेब्रावर चढणारे सगळे मोजायचे. जिथे जास्त, तिथे कॅमेरा आधी. तुझ्या नाक्याची मोजणी पुढच्या आठवड्यात आहे, मी आणि रत्नदीप येणार.

तू घाबरू नकोस. मी आहे.

(अजून न भडकलेला)
प्रीतम


बाळकुम
९ जानेवारी

प्रीतम,

पत्र मिळालं. काका ते देताना नुसती चावी घासत राहिले. पण इतकी घासली की ती आता कुठल्याच कुलपाला लागायची नाही.

अक्षर बरं आहे. मला वाटलेलं त्याहून तू कागदावर शांत आहेस. "मी आहे" एवढं मात्र लिहू नकोस, ते वाचून जास्त घाबरायला होतं.

पपांवर चिडू नकोस. कंपनी बंद पडल्यापासून ते दिवसभर घरी असतात आणि संध्याकाळी चर्चच्या पायरीवर बसणारे लोक त्यांना ऐकवतात, "व्हॅलेंटाईन, तुझी पोरगी काल मला थांबवत होती." ते ऐकून घेतात आणि घरी येऊन पासपोर्टबद्दल बोलतात. लुर्दस आंटीच्या ओळखीने तिकडे दुकानात काम आहे, वाईट नाही. मम्मी म्हणते, जोपर्यंत इकडे काम आहे तोपर्यंत मी त्यांना धरून ठेवते, पुढचं मला विचारू नका.

पण प्रीतम, कुवेत राहू दे. मला माझा नाका आवडतो हे मी कोणाला सांगितलं तर हसतील, म्हणून तुला सांगते. चार रस्ते आहेत आणि चारांचे चार स्वभाव. हायवेकडून येणारे सगळे उशीर झालेले असतात. टॉवरवाल्या रस्त्याने येणारे काच खाली करत नाहीत, हॉर्नवरच बोलतात. खाडीकडून पाण्याचे टँकर येतात, ते कोणाच्या बापाला घाबरत नाहीत, पण मी हात वर केला की थांबतात, कारण पहिल्याच आठवड्यात मी एकाच्या पुढ्यात जाऊन उभी राहिलेले आणि हललेच नाही. आणि गावातून येणारे सगळे मला ओळखतात, म्हणून तेच सर्वात जास्त नियम मोडतात. "काय गं लिओना, मम्मी बरी आहे ना," असं विचारत विचारत सिग्नल तोडून जातात.

मोजायला कधी येतोस ते सांग. जॅकेट धुवून ठेवते. तुमच्या त्या सरांना कळू दे, वॉर्डन काय करू शकते ते.

लिओना

ता. क. भाऊ म्हटलं तेव्हा तुझा चेहरा मी बघितलेला. म्हणूनच पुन्हा म्हटलं नाही.


टिटवाळा
१६ जानेवारी

लिओना, लिओना, लिओना,

तू काल जे केलंस ते मी आयुष्यात विसरणार नाही. काकांच्या टपरीशेजारी स्टूल टाकून मी बसलेलो, हातात मोजायचा कागद, आणि मोजायला कोणी नाही. झेब्राच्या पुढे कोणाचं एक चाक आलं की तू नुसती बघायचीस आणि ते चाक मागे जायचं. त्या टँकरवाल्याने तर तू काही बोलायच्या आत रिव्हर्स घेतला. एका काकूंना हात धरून पलीकडे नेताना तू मागे न बघता मागच्या रिक्षाला थांबवलंस, ते कसं केलंस ते एकदा सांग. रत्नदीप म्हणाला, "अरे, हिला सिनेमात घ्या." मी त्याला म्हटलं, नजर रस्त्यावर ठेव. नंतर मोजणी त्यानेच केली, खरं सांगायचं तर. मी दुसरीकडेच बघत होतो.

आता ऐक, तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि त्यावरून मी मघापासून हसतोय.

मोजणीची वेळ कोणी निवडायची? मी. सर एवढंच म्हणतात, गर्दीच्या वेळी चार तास. गर्दी सकाळी असते तशी संध्याकाळीही असते. मी सकाळ निवडली. तुझी ड्युटी. आणि तुला आधी कळवलं, म्हणजे तू जीव तोडून काम करणार हे मला माहीत होतं. झालं तसंच. आज सगळ्या नाक्यांचे आकडे सरांच्या टेबलावर लागले आणि मिठागर नाका पार तळाला. सर म्हणाले, "हा नाका शिस्तीचा दिसतोय, पहिल्या टप्प्यातून काढून टाका."

काढून टाकला, लिओना. कॅमेरा नाही म्हणजे तुझी नोकरी आहे. नोकरी आहे म्हणजे कुवेत नाही. इंजिनीअरिंगची दोन वर्षं फुकट गेली म्हणणाऱ्यांना सांग, डोकं कुठे चालवायचं ते मला कळतं. एचओडीशी भांडून बाहेर पडलो तेव्हा सगळे म्हणाले, या पोराचं काही होणार नाही. बघ, झालं.

रविवारी खडवलीला येशील? नदीवर गर्दी असते पण मी जागा शोधेन. काही खायला आणू नकोस, मी आणतो. तू फक्त ये.

तुझा आणि फक्त तुझा
प्रीतम


बाळकुम
१८ जानेवारी

प्रीतम,

रविवारी येणार नाही.

त्या दिवशी तू येणार म्हणून मी पाणी प्यायलासुद्धा गेले नाही. मला वाटलं, एक माणूस बसून बघतोय की मी हे काम कसं करते. घरात कोणी बघत नाही, म्हणून मला त्याचं फार वाटलं. आणि तू ते घेऊन माझ्याच नाक्याच्या विरुद्ध वापरलंस.

तू नाका मोजलाच नाहीस. तू मला मोजलंस.

दोन वाजता मी शिट्टी खिशात घालते आणि घरी जाते. दुसरा वॉर्डन दोन वर्षं दिलेला नाही. त्यानंतर तिथे काय होतं ते मला घराच्या खिडकीतून ऐकू येतं. ब्रेक दाबल्याचा आवाज आला की मी हातातलं काम ठेवते आणि थांबते, पुढचा आवाज येतोय का बघायला. हे रोज. तुला वाटतं की त्या नाक्यावर मला फक्त पगार मिळतो?

कॅमेरा लागावा म्हणून गेल्या वर्षी मीच हवालदार साहेबांकडून अर्ज लिहून घेतलेला. माझी नोकरी जाईल हे मला तेव्हाही माहीत होतं. तुला सांगितलं नाही कारण तू भडकला असतास. आता तूही मला न विचारता ठरवलंस. तेवढी बरोबरी झाली.

तुझ्या सरांकडे जा आणि सांग की मोजणी चुकीच्या वेळी झाली. दुपारनंतरची करा.

लिओना


टिटवाळा
२० जानेवारी

लिओना,

ठीक आहे. म्हणजे तुला जायचंच आहे.

सरळ सांगायचं होतंस ना. मी येडा, नाक्यानाक्यावर उन्हात बसून तुला कसं थांबवायचं त्याचा विचार करतोय, आणि तू वर्षभर आधीच अर्ज करून बसलीस. त्या अर्जात मी कुठे होतो? तेव्हा ओळख नव्हती हे मला कळतं, उगाच समजावू नकोस. पण नंतर तर झाली ना.

सरांकडे मी जाणार नाही. एक तर ते मला काढतील. दुसरं म्हणजे मी माझ्या हाताने तुला एअरपोर्टला सोडायला येणार नाही. तुमच्या गावातल्या लोकांनी बघून रस्ता क्रॉस करावा. सगळ्या ठाण्याचा ठेका तू घेतलेला नाहीस.

लिहिताना माणूस थांबतो म्हणालेलीस. मी थांबलो नाही. सलग लिहिलं आणि वाचूनही बघणार नाही.

प्रीतम


बाळकुम
४ फेब्रुवारी

प्रीतम,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलेलं. पण ही गोष्ट तुला काकांकडून किंवा रत्नदीपकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावी.

शनिवारी दुपारी सेलेस्टीन आंटीला नाक्यावर बाईकने उडवलं. आंटी म्हणजे आमच्या शेजारची, सुकी मासळी विकते ती. तू एकदा तिच्याकडून बोंबील घेतलेस आणि पैसे जास्त दिलेस म्हणून तिने तुला परत बोलावून झापलेलं, ती. मासळी विकून घरी येत होती. बाईकवाला उलट्या बाजूने आला. पाय मोडलाय, मांडीत सळई घातली आहे, जीव वाचला. डॉक्टर म्हणतात, चालेल, पण काठी लागेल.

मी घरी कपडे वाळत घालत होते. आवाज ओळखला. धावत गेले तेव्हा ती रस्त्यात बसलेली आणि सगळीकडे सुकट सांडलेली. मला बघून म्हणाली, "बाय, तू आता आलीस? तुझी वेळ नाही ना ही." मी तिच्याजवळ बसले आणि प्रीतम, मी नुसती सुकट गोळा करत राहिले.

बाईकवाला पळाला. कोणी म्हणतं काळी बाईक, कोणी म्हणतं निळी. नंबर कोणीच बघितला नाही. पोलीस विचारून गेले. विचारून काय होणार?

आता नीट वाच. मी तुला दोष देत नाहीये. मोजणी बरोबर झाली असती तरी कॅमेऱ्याचा खांब काही पंधरा दिवसांत उभा राहिला नसता, मला एवढं कळतं. हे तुझ्यामुळे झालं नाही. पण पुढचं जे होईल ते होऊ नये म्हणून आपण दोघं काहीतरी करू शकतो, आणि तू नाही म्हणालास, तेही माझं नाव घेऊन. मला ते सहन होत नाही. माझ्या नावाने कोणाचा पाय मोडायला नको.

तू लिहिलंस की मला जायचं आहे. तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही? मला जायचं नाही, प्रीतम. मला राहायचंय. पण असं नाही.

लिओना


टिटवाळा
१२ फेब्रुवारी

लिओना,

तुझं पत्र काकांच्या टपरीवरच उघडलं. वाचून झाल्यावर काकांनी स्टूल पुढे सरकवलं आणि पाणी दिलं. मी त्यांना विचारलं, तुम्ही होतात तेव्हा? ते म्हणाले, "मी रोजच असतो रे." बस, एवढंच.

तिथूनच मारुती सरांकडे गेलो. सगळं सांगितलं. मला वाटलेलं, ओरडतील. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं,

"कोण आहे ती?"

"वॉर्डन आहे, सर."

"वॉर्डन आहे ते कळलं. कोण आहे ती?"

मी म्हटलं, लग्न करायचंय मला तिच्याशी. हे मी तुला अजून विचारलेलं नाही आणि सरांना आधी सांगून बसलो. याबद्दल तू माझं काय करायचं ते कर.

मग ते ओरडले. बाहेर रत्नदीपला ऐकू जाईल एवढं. "तुझ्या प्रेमासाठी शहराचे आकडे फिरवतोस? तुला घरी बसवायला पाहिजे." मग चष्मा परत लावला आणि म्हणाले, "संध्याकाळची मोजणी तूच करायची. एकट्याने. आणि एक लक्षात ठेव, रस्त्यात उतरायचं नाही, कोणाला अडवायचं नाही. तू उतरलास की ही मोजणीपण खोटी."

काल केली. तू तेव्हा आंटीजवळ हॉस्पिटलात होतीस हे काकांनी सांगितलं. बरं झालं नव्हतीस.

लिओना, मी तो नाका आजवर बघितलाच नव्हता. मी तुला बघत होतो. काल पहिल्यांदा नाका बघितला. उलटे येणारे तर इतके की सरळ येणारेच चुकलेत असं वाटावं. शाळेतून येणारी एक बाई, दोन हातांना दोन पोरं, चार वेळा पाऊल पुढे टाकलं आणि चार वेळा मागे घेतलं. एका कारवाल्याने तिच्याकडे बघून हॉर्न वाजवला आणि वर शिवी दिली. माझं तुला माहीत आहे. एचओडीच्या एका शब्दावर मी त्याची कॉलर धरली होती. काल मी स्टूलची कड अशी धरून ठेवली की त्याची फळी हातात आली. काकांना नवीन आणून देणार आहे. पण उठलो नाही. एक रेघ ओढली. दुसरी ओढली. तुझ्या नाक्यासाठी एवढंच करता येत होतं, बसून राहणं. माझ्याच्याने होईल असं वाटलं नव्हतं.

वेळ संपली तेव्हा पेनाला टोपण लावलं आणि धावत रस्त्यात उतरलो. एक आजोबा उभे होते. मी तुझ्यासारखा हात वर केला. कोणी थांबलं नाही. एक रिक्षावाला म्हणाला, "ए हिरो, बाजूला हो, नाहीतर फोटो लागेल घरात." आजोबा मला म्हणाले, "राहू दे बाळा, तुला नाही जमणार, सकाळी एक मुलगी असते तिला जमतं." शेवटी आजोबांनीच मला पलीकडे नेलं.

मिठागर नाका आता सगळ्यात वर आहे. सर म्हणाले, खांबाची जागाही तूच सुचव. मी टपरीच्या बाजूचा कोपरा दिलाय, कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेकडे. समोरच्या कोपऱ्यावर लावला असता तर संध्याकाळी मावळतीचं ऊन सरळ त्याच्या डोळ्यात गेलं असतं, नंबरप्लेट दिसली नसती, नुसता उजेड. आणि त्याची खरी गरज संध्याकाळीच आहे. गुलमोहराच्या फांदीच्या खाली ठेवलाय, म्हणजे झाड तोडायला लागणार नाही. दोनदा मोजलं. या वेळी टेप घेऊन मधोमध उभा राहिलो नाही.

तू सांगितलंस ते केलं. आता तू जाशील. मी काही बोलत नाही. आधीच्या पत्रात जे लिहिलं ते फाडून टाक.

प्रीतम


बाळकुम
१५ फेब्रुवारी

प्रीतम,

फाडलं नाही. ठेवलंय. पुढे कधी मोठ्या गप्पा मारायला लागलास की वाचून दाखवेन.

सेलेस्टीन आंटीला तुझी स्टूलची गोष्ट सांगितली. हसताना तिचा पाय दुखला, नर्स आम्हालाच ओरडली. आंटी म्हणाली, "असा माणूस भांडायला बरा असतो बाय, त्याच्याशी भांडण संपतं तरी."

तू केलंस. मला वाटलं होतं करशील, पण खात्री नव्हती. आता खांब येईल तेव्हा येईल, तोपर्यंत मी उभी आहे. सरांना जे सांगितलंस ते त्यांनाच परत विचार, मला अजून कोणी काही विचारलेलं नाही.

लिओना


कल्याण
२८ एप्रिल

लिओना,

महिनाभर आमची टीम कल्याणला आहे, म्हणून बाळकुमकडे फिरकता आलं नाही. हे पत्र रत्नदीपबरोबर पाठवतोय, तो ठाण्याला कागद द्यायला चाललाय. कल्याणला वेगळीच भानगड आहे. जिथे खांब सुचवावा तिथे कोणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर आधीच उभा असतो. मी बॅनरची उंची पण लिहून ठेवतो आता. सर म्हणाले, दोन महिन्यांत शहाणा झालास. कॉलेजचा फॉर्म परत भरायला तेच मागे लागलेत. भरेन बहुतेक. आईला सांगितलेलं खोटं तरी खरं होईल.

रत्नदीप सांगत होता, तुझ्या नाक्यावर खांब उभा राहिला, वायर ओढून झाली. महिनाअखेरीला वॉर्डन उठणार. म्हणजे परवा.

मी "जाऊ नकोस" असं लिहिलेलं. मग खोडलं. मग परत लिहिलं. तो कागद टाकून दिला, हा दुसरा आहे. तुझ्या पपांना भेटून बोलू का, असंही मनात आलं, पण परत तुला न विचारता काही करायला नको म्हणून विचारतोय. तू जे ठरवशील ते. कुवेतला पत्र किती दिवसांत जातं ते मी पोस्टात जाऊन विचारून आलो. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कोण आहे तिकडे? मी म्हटलं, अजून कोणी नाही.

सरांना सांगितलेलं तेच आता तुला विचारतो. कागदावर विचारणं बरं, तुझं उत्तर येईपर्यंत मला भडकता येणार नाही. माझ्याशी लग्न करशील? आज नाही, मी काहीतरी झाल्यावर. जिथे असशील तिथून सांग.

तुझा
प्रीतम


बाळकुम
८ मे

प्रीतम,

तू "परवा" लिहिलेलास तो दिवस होऊन गेला. दोन वाजता शिट्टी जमा केली. जॅकेट पण. काकांनी पाच मिनिटं टपरी बंद ठेवली. मी म्हटलं, अहो मेले नाही मी. सेलेस्टीन आंटी काठी टेकत मुद्दाम आली, खांबाखाली उभी राहिली, वर बघून केस सारखे केले. "माझा फोटो काढतो का हा?" मी म्हटलं, नियम मोडलास तर. ती म्हणाली, "मग राहू दे."

संध्याकाळी मी खिडकीत बसले. बराच वेळ. ब्रेकचा आवाज आला नाही असं नाही, पण कमी आला. सिग्नलला गाड्या थांबल्याचा आवाज असतो, तुला माहीत आहे? मी तो दुपारनंतर कधी ऐकलाच नव्हता.

त्याआधीच्याच आठवड्यात मी ठेकेदाराकडे जाऊन आलेले. त्याला विचारलं, दुसरा कुठला नाका आहे? तो म्हणाला, कळव्याला एक आहे, पण तिथे कोणी टिकत नाही. मी म्हटलं, लिहा माझं नाव. सोमवारपासून आहे. तो नाका तुमच्या सर्व्हेत आहे का, ते मला सांगू नकोस.

पपांना हे जेवताना सांगितलं. त्यांनी पासपोर्ट टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाले, "एका नाक्यावरून काढलं, आता दुसरीकडे उभी राहणार. आज कॅमेरा इकडे आला, उद्या तिकडे येईल." मी म्हटलं, येऊ दे. तोपर्यंत तिथे लोक रस्ता ओलांडतील ना. मम्मी त्यांच्या ताटात भात वाढत राहिली. त्यांनी नको म्हणेपर्यंत वाढला, आणि ते नको म्हणायचं विसरले.

मग मी तुझ्याबद्दल सांगितलं. सगळं. सकाळची मोजणी, आपलं भांडण, संध्याकाळची मोजणी. पपा ऐकत होते. चर्चच्या पायरीवर ऐकतात तसे, मान खाली घालून. शेवटी म्हणाले,

"म्हणजे हा तोच, ज्याने तुझी नोकरी घालवली?"

"हो."

"ती गेली की तू कुवेतला जाणार, हे माहीत असून?"

"हो, पपा."

"तू सांगितलंस म्हणून?"

"हो."

ते उठले, हात धुतले आणि पासपोर्ट परत कपाटात ठेवून आले. माझ्याकडे न बघता मम्मीला म्हणाले, "पामेला, त्या पोराला रविवारी जेवायला बोलाव. स्वतःचं नुकसान दिसत असताना माझ्या पोरीचं ऐकणारा माणूस मला बघायचाय. मला अजून ते जमलेलं नाही."

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर ये. हात वर करून यायची गरज नाही, सिग्नल आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर जेवण झाल्यावर देईन, समोर. मग तुला भडकायचं असेल तर भडक, मी तिथेच असेन.

लिओना